शिकाऊ मुलांच्या रायफलीवर कोणती साइट असावी? यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, यवतमाळ

विषय : घाटंजी तालुक्यातील शाळकरी मुलांना एअर रायफल शिकवताना साइटची निवड

महोदय,

लहान मुलाच्या हातात शिकण्यासाठी रायफल द्यायची, तर पहिला निर्णय साइटचा घ्यावा लागतो. रायफल कोणत्या कंपनीची, किती जोराची आणि दिसायला कशी, हे प्रश्न त्यानंतरचे. साइट म्हणजे ज्यातून पाहून नेम धरायचा ती जोडी : नळीच्या टोकाशी असलेली माशी आणि डोळ्याच्या बाजूला असलेली खाच किंवा भोक. मुलाने रायफल खांद्याला लावली की त्याला रायफलीचा एवढाच भाग दिसतो. त्यामुळे नेमबाजीचा पहिला धडा मूल शिक्षकाच्या तोंडून जेवढा शिकते, त्याहून अधिक साइटमधून शिकते. ती चुकीची असेल तर चांगल्या शिक्षकाचे निम्मे श्रम वाया जातात.

हा प्रश्न शालेय क्रीडा स्पर्धांमुळे थेट जिल्ह्याच्या कामकाजात येतो. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत रायफल शूटिंग घेतले जाते आणि 10 मीटर एअर रायफलमध्ये ओपन साइट (मागे खाच) व पीप साइट (मागे भोक) हे वेगळे प्रकार असतात. तालुक्याच्या गावात बहुतेक मुले ओपन साइटकडे वळतात. त्यामागे प्रशिक्षणाचा काही विचार असतोच असे नाही. त्या रायफली स्वस्त असतात, एवढेच कारण पुरते. दुसरीकडे, एखाद्या पालकाने हौसेने रायफल घेतलीच तर दुकानदार तिच्यावर दुर्बीण बसवून देतो, कारण दुर्बीण लावलेली रायफल रुबाबदार दिसते. या दोन्ही वाटा नवशिक्याला अवघड पडतात. घाटंजीसारख्या ठिकाणी, जिथे एकाच रायफलीवर अनेक मुलांना शिकायचे आहे, तिथे ती रायफल पीप साइटची असावी. तसे का, ते पुढे मांडले आहे.

साइट नेमके काय काम करते, ते आधी पाहावे लागेल. समजा मुलाचा हात हलला आणि संपूर्ण रायफल, तिचा रोख न बदलता, 1 मिलिमीटर उजवीकडे सरकली. छर्राही लक्ष्यावर 1 मिलिमीटरच सरकेल. हे काहीच नाही. पण रायफलीचे मागचे टोक जागेवर राहिले आणि फक्त माशी 1 मिलिमीटर उजवीकडे गेली, तर रोखच बदलतो. मागच्या आणि पुढच्या साइटमधले अंतर 70 सेंटिमीटर असेल, तर 10 मीटरवर ही चूक सुमारे 14 मिलिमीटर होते. एअर रायफलच्या अधिकृत लक्ष्यावर एका गुणाच्या कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचे अंतर फक्त अडीच मिलिमीटर असते. सगळ्यात बाहेरच्या कडीचा व्यास 45.5 मिलिमीटर आणि दहाचा ठिपका तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे माशीच्या जागेतली मिलिमीटरभर चूक पाचाहून अधिक गुण खाते. दोन साइटमधले अंतर 50 सेंटिमीटरवर आले, तर तीच चूक 20 मिलिमीटर होते.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. मुलाचा हात हलतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही. हात सगळ्यांचाच हलतो. पण पुढची माशी आणि मागची साइट यांची एकमेकांशी असलेली जुळणी मात्र बिघडता कामा नये. जी साइट ही जुळणी मुलाला आपोआप आणि चटकन साधून देते, ती शिकाऊ मुलासाठी चांगली साइट.

ओपन साइटमध्ये मागे इंग्रजी यू किंवा व्ही आकाराची, नाहीतर चौकोनी खाच असते आणि पुढे उभी माशी. माशी खाचेत मधोमध यायला हवी, तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत हवा, आणि अशी जुळलेली माशी काळ्या गोलाच्या बुडाशी टेकवायची. सांगायला सोपे आहे. पण खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वस्तू तीन वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. मोठ्या माणसाला सांगितले की 'माशी स्वच्छ दिसू दे, बाकी धूसर चालेल', तर तो निदान प्रयत्न करतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची नजर काळ्या गोलावर जाऊन बसते, कारण त्याला मारायचे ते तिथे आहे. गोल स्वच्छ दिसला की माशी धूसर होते, खाच त्याहून धूसर होते आणि जुळणी बिघडते. छर्रा कधी वर, कधी खाली लागतो. मुलाला कारण कळत नाही आणि शिक्षक 'हात हलवू नकोस' म्हणून ओरडतो. चूक हाताची नसतेच.

शिवाय काळ्या गोलाच्या बुडाशी माशी 'टेकवायची' म्हणजे किती, हा अंदाजही मुलालाच करावा लागतो. मध्ये पांढरी फट किती ठेवायची, यावर दर छर्ऱ्याला त्याचे मत बदलते. त्यात ओपन साइटची खाच डोळ्यापासून दूर, नळीवर बसवलेली असते. म्हणून दोन साइटमधले अंतर कमी आणि चुकीची शिक्षा जास्त.

तरीही ओपन साइटला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती दणकट असते, तिच्यात हरवण्यासारखे सुटे भाग नसतात आणि जुळणी म्हणजे काय हे ती उघड दाखवते. ज्या मुलाला वर्षभराचा सराव आहे त्याने ओपन साइटवर हात बसवला तर नजरेची शिस्त पक्की होते. स्पर्धेतही हा प्रकार राहावा. आक्षेप फक्त पहिल्या दिवसापासून ती मुलाच्या गळ्यात मारण्यावर आहे.

पीप साइटमध्ये मागे खाचेऐवजी बारीक भोक असते, साधारण 1 ते 1.2 मिलिमीटरचे, आणि ते डोळ्याच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर येते. पुढे नळीच्या टोकावर आखूड नळकांडे असते आणि त्यात माशीच्या जागी एक कडे बसवलेले असते. मुलाने भोकातून पाहायचे, पुढचे कडे भोकाच्या मध्यावर आणायचे आणि काळा गोल कड्याच्या मध्यावर. थाळीत मधोमध वाटी ठेवायची आणि वाटीत मधोमध लाडू, एवढीच ही आकृती आहे. ती कोणत्याही मुलाला फळ्यावर एकदा काढून दाखवली की कळते. गोलात गोल मधोमध आहे की नाही, हे माणसाची नजर न सांगता ओळखते. फट किती, पातळी किती, असले अंदाज उरत नाहीत.

बारीक भोकाचा दुसरा गुण प्रकाशाचा आहे. भोक जितके बारीक, तितकी जवळची आणि दूरची वस्तू एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. याची खात्री वर्गात करता येते. पोस्टकार्डाला सुईने भोक पाडायचे, ते डोळ्याशी धरायचे आणि हातभर अंतरावर धरलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडे पाहायचे. एरवी टोक स्वच्छ पाहताना फळा धूसर होतो; भोकातून दोन्ही बरेच स्पष्ट दिसतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि पीप साइट का असते हे एकाही व्याख्येशिवाय समजते. मागचे भोक इतके जवळ असते की त्याच्याकडे पाहण्याचा प्रश्नच येत नाही. तीन वस्तूंच्या दोनच राहतात आणि त्या दोन्ही जवळजवळ एकदम दिसतात.

पुढच्या कड्याचे माप हा मात्र खरेदीत हमखास दुर्लक्षित राहणारा भाग आहे. साइटबरोबर वेगवेगळ्या मापांची कडी मिळतात आणि पुष्कळदा जे आधीपासून बसवलेले असते तेच कायम राहते. अधिकृत लक्ष्यावरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा आहे. डोळ्यापासून पुढचे कडे सुमारे 85 सेंटिमीटरवर धरले, तर 10 मीटरवरचा तो गोल कड्याच्या जागी सुमारे 2.6 मिलिमीटरचा दिसतो. कडे 3.2 मिलिमीटरचे असेल तर गोलाभोवती पांढरी जागा उरते फक्त 0.3 मिलिमीटर. मुलाची रायफल थोडी हलली की काळा गोल कड्याला चिकटतो, मूल दचकते, 'आता आला मध्ये' म्हणून घाईने चाप ओढते आणि छर्रा भलतीकडे जातो. कडे 4 मिलिमीटरचे किंवा त्याहून किंचित मोठे घेतले तर चारी बाजूंनी 0.7 मिलिमीटर पांढरे राहते. गोल आत डोलतो, पण आतच डोलतो. मूल शांत राहते आणि चाप हळू दाबायला शिकते. बारीक कडे लावले की गुण वाढतात हा समज मोठ्या मुलांत आहे. नवशिक्याच्या बाबतीत तो घातक आहे. कडे लहान करायचे ते हात स्थिर होईल तसे, काही महिन्यांनी.

मागच्या भोकाचे माप बदलता येत असेल तर उत्तम. उघड्या व्हरांड्यात दुपारी प्रखर उजेड असतो, पावसाळ्यात वर्ग काळोखतो. भोक उजेडाप्रमाणे कमी-जास्त करता आले तर मुलाच्या डोळ्यावर ताण पडत नाही. पण ही सोय नसलेली साधी पीप साइटही शाळेला पुरते.

इथे एक तांत्रिक अडचण आहे आणि ती खरेदीपूर्वी लक्षात घ्यायला हवी. नळी मोडून छर्रा भरायच्या ज्या स्वस्त एअर रायफली सगळीकडे मिळतात, त्यांच्या ओपन साइटचे दोन्ही भाग नळीवरच असतात. नळी बिजागरीत किंचित सैल झाली तरी साइट नळीबरोबरच हलते, त्यामुळे फारसे बिघडत नाही. पीप साइट मात्र मागे, रायफलीच्या मुख्य भागावर बसते आणि पुढचे कडे नळीवर. बिजागरीत सैलपणा असेल तर प्रत्येक वेळी नळी बंद केल्यावर दोघांची जुळणी बदलते. अशा रायफलीवर महागडी पीप साइट चढवणे म्हणजे पैसे पाण्यात. पीप साइट घ्यायची तर नळी पक्की बसलेली, बाजूच्या किंवा खालच्या दांडीने अथवा दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल घ्यावी. तिच्या पाठीवर साइट बसवण्याचा 11 मिलिमीटरचा खाचेचा पट्टा आहे ना, हेही पाहावे.

दुर्बिणीचा मोह सगळ्यात मोठा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. दुर्बिणीत लक्ष्य मोठे दिसते आणि जुळवायच्या दोन वस्तू नसतात, म्हणून ती सोपी वाटते. पण लक्ष्याबरोबर हाताचे हलणेही तितकेच मोठे दिसते. पीप साइटमध्ये जे डोलणे मुलाच्या ध्यानातही येत नाही, ते दुर्बिणीत वादळासारखे दिसते. मूल त्या फुलीचा पाठलाग करू लागते आणि फुली मध्यावर येताच चाप खेचते. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. शिवाय दुर्बिणीतून पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा ठरावीक अंतरावर आणि बरोबर मध्ये असावा लागतो. मोठ्या माणसाच्या मापाच्या दस्त्यावर लहान मुलाची मान तिथवर पोचत नाही आणि चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते. बऱ्याच साध्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात; 10 मीटरवर त्यांत धूसर दिसते आणि डोळा जरा सरकला की नेमही सरकतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो, त्याने स्वस्त दुर्बीण आतून खिळखिळी होते. आणि रायफलीच्या माथ्यावर वजन चढते ते वेगळेच.

सगळ्यांत मोठी गोष्ट, दुर्बीण लावून शिकलेल्या मुलाला ज्या स्पर्धेत जायचे तिथे ती चालत नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातल्या लक्ष्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि नेम धरायचा तो मागचे भोक आणि पुढचे कडे यांतूनच. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनच्या जगज्जेत्या झाल्या, रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत 10 मीटर एअर रायफलचे जगज्जेते झाले, अंजली भागवत 2000 साली सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या. या सगळ्यांच्या रायफलीवर हीच साइट होती. घाटंजीच्या मुलाने पहिल्या दिवशी जी आकृती पाहिली, तीच त्याला शेवटपर्यंत पाहायची असेल तर त्याचे शिकणे वाया जात नाही. शाळेकडे दुर्बीण असेलच तर ती स्टँडवर बाजूला ठेवावी आणि तिच्यातून शिक्षकाने छर्रा कुठे लागला ते पाहावे.

लाल ठिपक्याच्या साइटबद्दल एवढेच, की ती अगदी लहान मुलाला रायफल धरायला आणि चाप दाबायला शिकवताना थोडे दिवस उपयोगी पडते. तिला बॅटरी लागते, जुळणी ती शिकवत नाही आणि स्पर्धेत ती चालत नाही.

साइट कितीही चांगली असली तरी ती डोळ्याला जुळावी लागते. प्रत्येक माणसाचा एक डोळा प्रधान असतो. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये लहान झरोका करायचा, त्यातून दोन्ही डोळ्यांनी दूरची खिडकी पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खिडकी झरोक्यातच राहते तो प्रधान. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रधान निघतो. अशा मुलाला डाव्या खांद्यावरून शिकवून पाहणे सगळ्यात सोपे, कारण त्याला अजून कोणतीच सवय लागलेली नसते. ते जमत नसेल तर दुसऱ्या डोळ्यासमोर पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी साइटला लावावी. नियमांत तिला मुभा आहे, रुंदी 30 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. काळी पट्टी लावू नये. एका डोळ्यासमोर अंधार झाला की दुसऱ्याची बाहुलीही मोठी होते. डोळा आवळून मिटायला तर मुळीच सांगू नये. गालाचे स्नायू ताणले जातात आणि उघडा डोळाही थकतो.

कड्याची कड स्वच्छ दिसत नाही असे मूल सांगत असेल तर आधी डोळे तपासावेत. चष्मा असलेले मूल मान वाकवून चष्म्याच्या कोपऱ्यातून पाहू लागते आणि तिथे भिंगाचा नंबर बरोबर लागत नाही. तेव्हा साइट उंच करून मान सरळ करावी. या बाबतीत एक सावधगिरी शिक्षकांसाठीही आहे. चाळिशी उलटलेल्या डोळ्याला हाताच्या अंतरावरची माशी धूसर दिसते. मुलाच्या डोळ्याला ती काचेसारखी स्वच्छ दिसत असते. म्हणून साइट चांगली की वाईट हे शिक्षकाने आपल्या डोळ्याने ठरवू नये. मुलाला जे दिसते ते त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावे. कडे कुठे, काळा गोल कुठे, पांढरे किती, हे त्या चित्रात लगेच कळते.

साइट डोळ्याकडे यावी, डोळ्याने साइटकडे जाऊ नये. मूल डोळे मिटून रायफल गालाला लावते आणि मग डोळे उघडते, तेव्हा समोर भोक यायला हवे. येत नसेल तर साइटखाली उंचीचा तुकडा घालावा, गालाची फळी वर-खाली करावी, दस्ता आखूड करावा. स्पर्धेत एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते; ते वजन मुलासाठी नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या स्पर्धांत 'स्पोर्टर' नावाचा वर्ग साध्या, हलक्या रायफलींसाठी ठेवलेला आहे आणि तिथे वर्षानुवर्षे वापरली गेलेली डेझी 853 ही अडीच किलोच्या आसपासची रायफल पीप साइटचीच आहे. जर्मनीत सर्वसाधारणपणे 12 वर्षांखालच्या मुलांना एअर रायफलही देत नाहीत. ती मुले प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलीवर शिकतात, पण साइटची आकृती तीच पाहतात. आपल्याकडे तेवढी साधने नसली तरी टेबल आणि वाळूची पिशवी असतेच. रायफलीचे वजन पिशवीवर टाकावे, मुलाकडे फक्त पाहणे आणि चाप दाबणे एवढेच काम ठेवावे. उभे राहून मारण्याची घाई करण्यात काही शहाणपण नाही.

पहिले धडे छर्ऱ्याशिवाय द्यावेत. लक्ष्याच्या जागी कोरा पांढरा कागद लावावा. मुलाने भोकाच्या मध्यावर कडे आणायचे, धरायचे, सोडायचे. काळा गोलच नसल्याने नजर पळत नाही. मग गोल लावावा. त्यानंतर छर्रे, आणि तेही पाच-पाचच्या गटाने. पाच छर्रे जवळजवळ पडले की मूल बरोबर करत आहे, मग ते मध्यापासून कितीही दूर पडोत. तेव्हा साइट फिरवून तो गट मध्यावर आणायचा. मागची साइट ज्या दिशेला सरकवावी त्या दिशेला छर्रा सरकतो, पुढची सरकवली तर उलट. साइटवरच्या बाणाचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून आधी पाच क्लिक फिरवून काय होते ते पाहावे. एकेक छर्रा पाहून साइट फिरवत बसणारे मूल साइटच्या मागे धावत राहते. पहिल्या महिन्यात स्क्रूला हात फक्त शिक्षकाचा लागावा.

घाटंजीच्या परिस्थितीत आणखी काही गोष्टी येतात. उघड्यावर रेंज आखायची तर मुलांचे तोंड उत्तरेकडे असावे, म्हणजे सूर्य डोळ्यांत येत नाही. ओपन साइटच्या माशीवर बाजूने ऊन पडले की तिची उजेडाकडची कड विरल्यासारखी दिसते आणि मूल उरलेल्या काळ्या भागालाच माशी समजते. पीप साइटचे पुढचे कडे नळकांड्यात सावलीत असते, विदर्भाच्या उन्हात हा फायदा लहान नाही. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात. एवढासा तंतू मागच्या भोकात अडकला तर मुलाला लक्ष्यावर केस आडवा दिसतो. साइटला झाकण हवे आणि सरावाआधी भोकातून आकाशाकडे पाहायची सवय हवी, अर्थात साइट रायफलीवरून काढून.

कायद्याची बाजू सरळ आहे. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. 10 मीटरच्या स्पर्धेच्या रायफली याच्या निम्म्याहूनही कमी जोराच्या असतात. पण तेवढा जोरही डोळा फोडायला पुरेसा आहे. चष्मा सगळ्यांना, छर्रा अडवणारी लोखंडी पेटी लक्ष्यामागे, रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि सराव संपल्यावर साबणाने हात, कारण छर्रे शिशाचे असतात. घाटंजी तालुका टिपेश्वर अभयारण्याला लागून आहे. मोर, पोपट, ससा यांपैकी कशावरही छर्रा झाडणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली गुन्हा आहे, हे मुलांना रायफल हातात देण्याआधी सांगितले पाहिजे, आणि पालकांनाही. शाळेची रायफल कागदी लक्ष्यावरच चालते. रायफल घरी पाठवायची नाही, हा नियम कोणत्याही कारणासाठी मोडू नये.

स्वप्नील कुसाळे 2009 साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले आणि तिथे त्यांनी नेमबाजी निवडली. खेड्यातल्या मुलापर्यंत शासनाची योजना पोचली तर काय होते, हे त्यातून दिसले. प्रबोधिनीपर्यंत पोचण्याआधी मुलाला निदान आपल्याला हे जमते का, हे कळायला हवे आणि ते तालुक्यातच कळू शकते. त्यासाठी मोठी रेंज लागत नाही. भिंतीशी 10 मीटरची बंदिस्त जागा, टेबल, वाळूची पिशवी, छर्रे अडवणारी पेटी आणि योग्य साइटची एक रायफल एवढ्यावर काम सुरू होते.

म्हणून विनंती अशी. जिल्ह्यासाठी पुढची खरेदी होईल तेव्हा यादीत नुसते 'एअर रायफल' न लिहिता 'पक्क्या नळीची, पीप साइटसह, पुढची 4 मिलिमीटर व त्याहून मोठी कडी, दस्ता आखूड करता येणारा, वजन हलके' असे लिहावे. दुर्बिणी यादीतून काढाव्यात. तेवढ्या पैशात तीन-चार स्वस्त रायफली येत असतील तरी दोनच घ्याव्यात, पण अशा घ्याव्यात. शालेय स्पर्धांच्या आधी तालुक्यांच्या क्रीडाशिक्षकांसाठी साइट बसवणे, जुळवणे आणि मुलाचा प्रधान डोळा ओळखणे एवढ्याच विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण यवतमाळला ठेवावे. आणि त्या दोन रायफलींपैकी एक घाटंजीला द्यावी. इथल्या शाळा ती वेळापत्रक लावून आळीपाळीने वापरतील.

कळावे.

घाटंजी येथील एक पालक